शिक्षक 'कामगार' आहे का? शिक्षणक्षेत्रातील संघटना-हक्कांची ओळख

या पाठातून काय समजेल

• शिक्षकाला कामगार कायद्याचे संरक्षण कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही
• भारत, अमेरिका आणि दक्षिण कोरिया येथील तीन महत्त्वाचे निकाल आणि त्यांमागचा समान धागा
• शिक्षकांच्या हक्कांविषयीचे आंतरराष्ट्रीय मापदंड
• संघटना, वाटाघाटी आणि संप या तीन हक्कांमधील फरक

१. प्रश्न कुठून आला

अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षाला मी औद्योगिक व्यवस्थापन हा विषय शिकवतो. त्यात दरवर्षी एक-दोन तास 'कामगार संघटना' या घटकाला जातात. उदाहरणे ठरलेली असतात. मुंबईच्या कापड गिरण्या, पिंपरी-चिंचवडचे कारखाने, संप, टाळेबंदी, करार. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुमची युनियन आहे का? तुम्ही पण कामगारच ना?" वर्ग हसला. मी "नाही, कायद्याने आम्ही कामगार नाही" असे सांगून पुढे गेलो. पण "का नाही?" असे त्याने विचारले असते, तर माझ्याकडे धड उत्तर नव्हते.

उत्तर नव्हते, तरी अनुभव मात्र होता. पूर्वी मी एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात होतो. प्रवेश घटले, एक शाखा बंद झाली आणि एकाच आठवड्यात दोघांना घरी जावे लागले. एक होते वर्कशॉपमधले मदतनीस, अकरा वर्षे नोकरी झालेले. दुसरा माझा सहकारी, नऊ वर्षे शिकवणारा अधिव्याख्याता. मदतनीस काका कामगार आयुक्त कार्यालयात गेले. तिथे सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी संस्थेला बोलावून घेतले. कामगार कपात करताना पूर्ण केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, म्हणजे काकांना १६५ दिवसांचा. काही महिन्यांनी तो त्यांना मिळाला. माझा सहकारीही त्याच कार्यालयात गेला. त्याला सांगण्यात आले, "तुम्ही शिक्षक आहात. तुमचे प्रकरण इथे चालत नाही." संस्थेचे म्हणणे तर असे, की त्याला कामावरून काढलेलेच नाही. त्याची नेमणूक दरवर्षी अकरा महिन्यांची असे आणि या वेळी ती मुदत संपली, इतकेच.

एकाच छताखाली काम करणाऱ्या दोघांना कायद्याने दोन वेगळी उत्तरे दिली. कमी शिकलेल्याला संरक्षण मिळाले आणि जास्त शिकलेल्याला नाही, म्हणून हे अन्यायाचे आहे, असे मला म्हणायचे नाही. काकांना मिळाले ते त्यांच्या हक्काचेच होते. प्रश्न असा आहे, की शिक्षकाला ते का मिळाले नाही? याचे उत्तर शोधताना लक्षात येते, की शिक्षकांचे हक्क बहुतेक वेळा उघड बंदीने जात नाहीत. ते एखाद्या शब्दाच्या व्याख्येत अडकतात. या पाठात आपण अशा व्याख्या एकेक करून पाहू.

२. भारत: शाळा 'उद्योग', पण शिक्षक 'कामगार' नाही

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याचे दार उघडायला दोन किल्ल्या लागत. पहिली म्हणजे तुमची संस्था 'उद्योग' या व्याख्येत बसली पाहिजे. दुसरी म्हणजे तुम्ही स्वतः 'कामगार' या व्याख्येत बसले पाहिजे.

पहिल्या किल्लीचा इतिहास रंजक आहे. १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठ विरुद्ध रामनाथ हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वाद विद्यार्थिनींची ने-आण करणाऱ्या बसच्या चालकांचा होता. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने म्हटले, की शिक्षण हे व्यापार-उद्योगासारखे काम नाही, म्हणून विद्यापीठ हा उद्योग नाही. परिणामी बसचालकांनाही त्या कायद्याचा आधार मिळाला नाही.

पंधरा वर्षांनी, १९७८ मध्ये, बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत बदलले. न्या. कृष्ण अय्यर यांनी तिहेरी कसोटी मांडली: काम पद्धतशीरपणे चालते का, ते मालक व कर्मचारी यांच्या सहकार्याने होते का, आणि त्यातून लोकांना वस्तू किंवा सेवा मिळतात का. या कसोटीवर शिक्षणसंस्थाही उद्योग ठरल्या. नफा हा हेतू असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. त्यामुळे कारकून, शिपाई, बसचालक, प्रयोगशाळा सहायक यांना आधार मिळाला.

उरली दुसरी किल्ली. ती ठरवणारा खटला गोव्यातला आहे. तेथील एका शाळेतील शिक्षिकेला कामावरून कमी केले गेले. १९८८ मध्ये ए. सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळा उद्योग आहे हे मान्य केले. पण 'कामगार' या व्याख्येत कामाचे ठरावीक प्रकार दिलेले होते: कुशल-अकुशल अंगमेहनतीचे, पर्यवेक्षणाचे, तांत्रिक, कारकुनी इत्यादी. शिकवणे यांपैकी कशातच बसत नाही. शिक्षक मुलांचे व्यक्तिमत्त्व घडवतो, हे एक उदात्त कार्य आहे, त्यात थोडेफार कारकुनी काम असले तरी ते आनुषंगिक आहे, असा न्यायालयाचा विचार होता. म्हणून शिक्षक कामगार नाही.

इथे नीट पाहावे. न्यायालयाने शिक्षकाचा अपमान केलेला नाही, उलट गौरवच केला आहे. आणि त्याच निकालात शिक्षकांच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र यंत्रणा कायदेमंडळांनी उभारावी, अशी अपेक्षाही व्यक्त केली आहे. पण गौरव ताबडतोब लागू झाला आणि यंत्रणा मात्र प्रत्येक राज्याच्या मर्जीवर राहिली.

काही राज्यांनी ती केली. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरणे आहेत. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ कायद्याखाली न्यायाधिकरण आहे. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठानेही विनाअनुदानित संस्थांतील कर्मचाऱ्यांना दाद मागण्यासाठी जिल्हा पातळीवर न्यायाधिकरण असावे, असे सांगितले. तरीही माझ्या सहकाऱ्यासारखी माणसे बाहेरच राहतात, कारण न्यायाधिकरणापुढे 'बडतर्फी' किंवा 'सेवासमाप्ती' दाखवावी लागते आणि अकरा महिन्यांच्या नेमणुकीत कागदावर तसे काही घडतच नाही. आणखी एक व्याख्या आडवी येते.

नव्या कायद्याचे काय? संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तीन जुने कायदे एकत्र केले. तिच्यातल्या 'कामगार' या व्याख्येत श्रमिक पत्रकार आणि विक्री संवर्धन कर्मचारी, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी वगैरे, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या दोन्ही व्यवसायांनी आधी स्वतःसाठी वेगळे कायदे मिळवले होते, पत्रकारांनी १९५५ मध्ये आणि विक्री प्रतिनिधींनी १९७६ मध्ये. शिक्षकाचा उल्लेख मात्र नाही. शिवाय धर्मादाय किंवा समाजसेवेचे काम प्रामुख्याने करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येतून वगळल्या आहेत. आपल्याकडील बहुतेक शिक्षणसंस्था न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या किल्लीवरूनही नवे वाद होऊ शकतात.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. शिक्षक 'कामगार' नसला तरी तो संघटना करू शकतो. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने संघटना स्थापन करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. कामगार संघटना अधिनियम, १९२६ मधील व्याख्याही रुंद होती, आणि नव्या संहितेतही संघटनांच्या प्रकरणापुरती 'कामगार' ही व्याख्या तशीच रुंद आहे. याशिवाय संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ स्थापन करता येते. अडचण संघटना करण्यात नाही. अडचण अशी, की त्या संघटनेने मांडलेला वाद ऐकायला मालकाला कोण आणि कसे भाग पाडणार?

३. ग्रॅच्युइटीचा धडा: व्याख्या बदलता येते

व्याख्या न्यायालयाने लावली म्हणजे ती दगडावरची रेघ झाली, असे नाही. याचे चांगले उदाहरण ग्रॅच्युइटीचे आहे.

ग्रॅच्युइटी प्रदान अधिनियम १९७२ चा होता. ३ एप्रिल १९९७ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शिक्षणसंस्थांना तो लागू केला. शिक्षकांना वाटले, आता आपल्यालाही ग्रॅच्युइटी मिळणार. पण 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत पुन्हा तीच यादी होती: कुशल, अर्धकुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी. अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि जानेवारी २००४ मध्ये ती हरली. शिक्षक या यादीत बसत नाहीत, हवे तर संसदेने विचार करावा, असे न्यायालयाने म्हटले.

संसदेने तो केला. २००९ मध्ये दुरुस्ती होऊन कामाच्या प्रकारांची यादीच काढली गेली. अंगमेहनतीचे असो वा अन्य, कोणतेही काम करणारा 'कर्मचारी' ठरला. ही दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली. खासगी शाळांच्या संघटनांनी तिला आव्हान दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली आणि शाळांनी थकलेली ग्रॅच्युइटी व्याजासह द्यावी, असे सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल आला. त्यांना इतकी वर्षे 'मानसेवी' म्हटले जात होते आणि त्यांच्या पगाराला 'मानधन'.

हिशेब सोपा आहे. अखेरचे मासिक वेतन (मूळ वेतन अधिक महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. साधारणपणे कमीत कमी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ₹४०,००० आणि सेवा नऊ वर्षे असेल, तर

४०,००० × १५ ÷ २६ × ९ = सुमारे ₹२,०७,६९२

माझ्या सहकाऱ्याच्या नेमणुकीत दरवर्षी खंड होता. पण या कायद्यात वर्षात २४० दिवस काम झाले असेल तर ते वर्ष सलग सेवेचे धरण्याची तरतूद होती. त्याने कामगार खात्यातील नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि त्याला ग्रॅच्युइटी मिळाली. ज्या कार्यालयाने एकदा परत पाठवले होते, त्याच खात्याच्या दारातून ती आली. मधल्या काळात कायद्यातली एक ओळ बदलली होती. ती बदलायला अहमदाबादच्या शिक्षक संघटनेचा हरलेला खटला कारणीभूत होता. माझ्या सहकाऱ्याला या संघटनेचे नावही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तोवर मलाही नव्हते.

४. अमेरिका: प्राध्यापक म्हणजे 'व्यवस्थापक'

आता देश बदलू, पण मुद्दा तोच ठेवू. अमेरिकेत खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना संघटना व वाटाघाटी यांचा हक्क १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने मिळतो. मालकाच्या वतीने धोरण ठरवणारे व्यवस्थापक मात्र त्यातून वगळले जातात.

न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातील प्राध्यापकांनी संघटनेला मान्यता मागितली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कारण असे, की हे प्राध्यापक अभ्यासक्रम ठरवतात, परीक्षा व गुणदानाचे नियम करतात, प्रवेशाचे निकष सांगतात, म्हणजेच ते विद्यापीठ चालवतात. म्हणून ते व्यवस्थापक आहेत. अल्पमतातील न्यायमूर्तींचे म्हणणे होते, की प्राध्यापक सल्ला देतात तो आपल्या विषयज्ञानामुळे, मालकाचे हस्तक म्हणून नव्हे.

आपल्याकडे शिक्षकाला 'उदात्त' म्हणून बाहेर ठेवले, तिकडे 'अधिकारी' म्हणून. अभ्यास मंडळावर बसणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. अभ्यासक्रमात एक प्रकरण वाढवण्याचा अधिकार त्याला असतो, पण स्वतःच्या तासिकांची संख्या कमी करण्याचा नसतो.

हा निकाल खासगी विद्यापीठांपुरता आहे. सरकारी विद्यापीठांना त्या त्या राज्याचे कायदे लागू होतात आणि तिथे अनेक ठिकाणी मजबूत संघटना आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८,००० संशोधक, अध्यापन-सहायक आणि इतर शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले आणि सुमारे सहा आठवड्यांनी वेतनवाढीचा करार करूनच परतले. खासगी क्षेत्रातही २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात श्रमसंबंध मंडळाने अध्यापन करणारे विद्यार्थी हे कर्मचारी आहेत, असा निर्णय दिला. आपल्याकडील अनेक तरुण संशोधन आणि अध्यापन-सहायकाच्या कामासाठी तिकडे जातात. त्यांनी हा निर्णय माहीत करून घ्यावा.

५. दक्षिण कोरिया: नऊ जणांमुळे साठ हजारांची संघटना बेकायदा

दक्षिण कोरियात २८ मे १९८९ रोजी शिक्षकांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सरकारने ती बेकायदा ठरवली आणि सुमारे दीड हजार शिक्षकांना नोकरीवरून काढले. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, शिक्षकांच्या संघटनांसाठी खास कायदा झाला. संघटना आणि वाटाघाटी यांना मान्यता मिळाली, संपावर बंदी राहिली.

२०१३ मध्ये पुन्हा पेच आला. संघटनेच्या सुमारे ६०,००० सदस्यांमध्ये नऊ जण नोकरीवरून काढलेले शिक्षक होते. सरकारने म्हटले, जो नोकरीत नाही तो 'शिक्षक' नाही. आणि ज्या संघटनेत शिक्षक नसलेले सदस्य आहेत ती कायद्यानुसार 'संघटनाच नाही'. नियमावलीचा आधार घेऊन एका सूचनेद्वारे संघटनेची मान्यता काढली गेली.

नऊ जणांना बाहेर काढले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. संघटनेने सदस्यांचे मत घेतले आणि त्यांना न काढण्याचा निर्णय केला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संघटनेचे काम केल्यामुळे नोकरी गेली आणि नोकरी गेल्यामुळे संघटनेतून बाहेर, असे चालले तर कोणत्याही मालकाला संघटना मोडायला नको असलेल्या माणसाला काढणे एवढेच पुरे होईल.

सात वर्षे खटले चालले. ३ सप्टेंबर २०२० रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूलभूत हक्क काढून घेणारी गोष्ट संसदेच्या कायद्यात हवी, ती केवळ सरकारी नियमावलीतून करता येत नाही. म्हणून ती सूचना अवैध. त्यानंतर कायदा बदलून माजी शिक्षकांनाही सदस्यत्वाची मुभा मिळाली, आणि २०२१ मध्ये कोरियाने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या दोन मूलभूत करारांना अनुसमर्थन दिले. ते करार कोणते, हे आता पाहू.

६. आंतरराष्ट्रीय मापदंड

(अ) करार क्र. ८७ (१९४८): संघटना करण्याचे स्वातंत्र्य. यातून केवळ सैन्य व पोलीस यांना वगळण्याची मुभा राष्ट्रांना आहे, शिक्षकांना वगळण्याची नाही.

(आ) करार क्र. ९८ (१९४९): संघटित होण्याचा व सामूहिक वाटाघाटींचा हक्क. राज्यकारभार चालवणारे सरकारी अधिकारी यातून वगळता येतात. शिक्षक त्या गटात मोडत नाहीत, अशी श्रम संघटनेच्या यंत्रणांची भूमिका आहे.

भारताने या दोन्ही करारांना अनुसमर्थन दिलेले नाही. अमेरिकेनेही दिलेले नाही.

(इ) शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस (१९६६): आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनेस्को यांनी मिळून केलेली ही शिफारस ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारली गेली. १९९४ पासून हा दिवस जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. तिच्या मते अध्यापन हा एक व्यावसायिक दर्जाचा पेशा आहे, आणि वेतन व कामाच्या अटी शिक्षक-संघटना व मालक यांच्या वाटाघाटींतून ठरल्या पाहिजेत. पेशाचा मान आणि वाटाघाटीचा हक्क या दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवल्या. एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

(ई) उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयीची शिफारस (१९९७): युनेस्कोने केलेली ही शिफारस महाविद्यालये व विद्यापीठांसाठी आहे. तिच्यात संघटना-स्वातंत्र्याबरोबर शैक्षणिक स्वातंत्र्याचाही समावेश आहे.

शिफारशी कायद्याने बंधनकारक नसतात. पण त्यांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी तज्ज्ञ समिती आहे आणि शिक्षक-संघटना तिच्याकडे तक्रार करू शकतात. त्याहून महत्त्वाची आहे श्रम संघटनेची १९५१ पासूनची संघटना-स्वातंत्र्य समिती. एखाद्या देशाने करार ८७ किंवा ९८ स्वीकारला नसला, तरी या समितीकडे त्या देशाविरुद्ध तक्रार करता येते. म्हणजे भारतातील संघटनांनाही हे दार उघडे आहे.

१९९३ मध्ये स्थापन झालेला एज्युकेशन इंटरनॅशनल हा शिक्षक-संघटनांचा जागतिक महासंघ असून त्याचे मुख्यालय ब्रुसेल्सला आहे. जिथे व्याख्येपर्यंतही गोष्ट पोहोचत नाही, थेट तुरुंगच असतो, अशा देशांतील शिक्षकांसाठी असा महासंघ फार महत्त्वाचा ठरतो. बहारीनच्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष महदी अबू दीब यांना २०११ मध्ये शिक्षकांच्या संपाच्या हाकेनंतर अटक झाली. लष्करी न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती पाच वर्षांवर आली आणि ती पूर्ण भोगून ते २०१६ मध्ये सुटले. या काळात त्यांचे नाव जगभरच्या संघटनांनी विसरू दिले नाही.

७. संपाचा प्रश्न

संघटना, वाटाघाटी आणि संप हे तीन वेगळे हक्क आहेत. पहिला भारतात मूलभूत आहे. संपाचे तसे नाही. संघटना करण्याच्या हक्कात संपाचा हक्क आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले. २००३ मध्ये तमिळनाडूत सरकारी कर्मचारी व शिक्षकांचा संप झाला तेव्हा सरकारने लाखाहून अधिक लोकांना एका फटक्यात बडतर्फ केले. त्या खटल्यात, टी. के. रंगराजन प्रकरणात, न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही असे म्हटले, आणि त्याच वेळी माफीनामा घेऊन बहुतेकांना कामावर घ्यायलाही लावले.

हे फक्त भारतात आहे असे नाही. जर्मनीत सनदी दर्जाच्या शिक्षकांना संपाची बंदी आहे. चार शिक्षकांनी तिला आव्हान दिले. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती बंदी मान्य केली, पण कारण लक्षात घ्यावे: तिथे या शिक्षकांना आजीव नोकरी, पुरेसे वेतन, संघटनेचा हक्क आणि नियम करताना मत मांडण्याची संधी आहे. म्हणजे एक साधन काढले, तर बाकीची साधने जागेवर आहेत का, हे न्यायालयाने तपासले. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरच्या शिक्षकाबाबत हाच प्रश्न विचारून पाहावा.

"पण यात विद्यार्थ्यांचे नुकसान होते," हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कायद्याने हक्क नसताना, सर्व ५५ काउंटींमधील शाळा शिक्षकांच्या संपाने बंद झाल्या. ज्या मुलांचे जेवण शाळेवर अवलंबून होते, त्यांच्यासाठी शिक्षकांनीच डबे भरून दिले. मार्चच्या सुरुवातीला ५ टक्के वेतनवाढ मंजूर झाली. विद्यार्थ्यांची काळजी आणि स्वतःच्या हक्काची मागणी एकत्र चालू शकतात, हे त्यातून दिसते. शिवाय नुकसान फक्त संपाच्या दिवसांत होत नाही. दर वर्षी शिक्षक बदलणाऱ्या प्रयोगशाळेत ते रोज होत असते, फक्त ते कुणी मोजत नाही.

८. व्यवहारात काय करावे

• नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, वेळापत्रक आणि विद्यापीठाची मान्यता यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. न्यायाधिकरणापुढे कागदच बोलतो.
• मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे ठेवू नका. पडताळणी झाली की परत घ्या आणि दिली असल्यास पोच घ्या.
• आपल्या राज्यातील न्यायाधिकरण कोणते आणि अपिलाची मुदत किती, हे नोकरी चालू असतानाच पाहून ठेवा.
• पाच वर्षे सेवा झाली असेल तर नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीचा अर्ज करायला विसरू नका.
• महाविद्यालयातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वेगळे समजू नका. कायद्याने त्यांच्याकडे जे आहे ते शिक्षकाकडे नाही. एकत्र संघटनेत दोघांचाही फायदा आहे.

सारांश

भारतात शिक्षक 'उदात्त कार्य करणारा' म्हणून, अमेरिकेत प्राध्यापक 'व्यवस्थापक' म्हणून, कोरियात नोकरी गेलेला शिक्षक 'शिक्षकच नव्हे' म्हणून संरक्षणाबाहेर राहिला. प्रत्येक ठिकाणी एका शब्दाच्या अर्थाने हे घडले. ग्रॅच्युइटीचा कायदा आणि कोरियाचा निकाल हे दाखवतात, की संघटित शिक्षक तो शब्द बदलून घेऊ शकतात, कधी न्यायालयात जिंकून आणि कधी हरूनही.

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला मी आता असे उत्तर देईन: "बाबा, १९४७ च्या कायद्याने मी कामगार नव्हतो. ग्रॅच्युइटीच्या कायद्याने मी कर्मचारी आहे. आणि संविधानाने मला संघटना करता येते. आता तूच सांग, मी कोण?"

स्वाध्याय

१. 'उद्योग' आणि 'कामगार' या दोन व्याख्यांतील फरक शिक्षणसंस्थेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ₹५२,००० आणि सेवा १२ वर्षे असल्यास ग्रॅच्युइटी किती होईल?
३. येशिवा निकालातील बहुमत व अल्पमत यांची भूमिका तुमच्या महाविद्यालयातील अभ्यास मंडळाला लावून पाहा. तुम्हाला कोणती पटते आणि का?
४. नऊ सदस्यांना न काढण्याचा कोरियन संघटनेचा निर्णय योग्य होता का? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
५. आपल्या राज्यात खासगी महाविद्यालयातील शिक्षकाने सेवासमाप्तीविरुद्ध कुठे दाद मागावी, हे शोधून एका पानात टिपण तयार करा.